वखारीतलं अंतराळयान

अंतराळयानातला एक लांबट बोळ. दोन्ही भिंतींवर ओळीने सारख्या आकाराचे चौकोनी उंचवटे, त्यांवर धातूसारखा रंग आणि अंगावर येणारा अंधार. पडद्यावर ते क्षणभर दिसतं आणि तेवढ्यात आपण मान्य करून टाकतो की हे यान आहे, अवजड आहे, कुठल्या तरी कारखान्यात घडलंय. प्रत्यक्षात ते उंचवटे म्हणजे हॅम्बर्गर बांधून द्यायचे थर्माकोलचे डबे. सेटवाल्यांनी ते भिंतीवर चिकटवले, रंग मारला आणि शूटिंग सुरू झालं. चित्रपट ‘गॅलक्सी ऑफ टेरर’, साल १९८१, निर्माता रॉजर कॉर्मन. आणि सेटवाल्यांचा म्होरक्या होता पंचविशी नुकतीच ओलांडलेला जेम्स कॅमेरॉन. हो, तोच, ‘टायटॅनिक’वाला.

हा चित्रपट थोर नाही. पण तो मला मनापासून आवडतो. तो कुठून आला आणि तीस वर्षं कसा तगला, ही गोष्ट चित्रपटापेक्षाही मोठी आहे.

‘बी मूव्ही’ हा शब्द मुळात दर्जाचा नव्हे, जागेचा. १९३०च्या दशकात अमेरिकेतली थिएटरं एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत. मोठ्या नटांचा, मोठ्या खर्चाचा तो ‘ए’. त्याच्या जोडीला आखूड, स्वस्त, पटकन उरकलेला तो ‘बी’. पुढे ही जोडी मोडली, घरोघरी टीव्ही आला, आणि स्वस्त चित्रपटांनी नवं घर शोधलं. ते म्हणजे ड्राइव्ह-इन. गाडीत बसून चित्रपट पाहणाऱ्या तरुण पोरांना राक्षस हवे होते, परग्रहावरचे जीव हवे होते. कॉर्मनने १९५४ पासून हा माल पुरवला. १९७०मध्ये त्याने भावासोबत ‘न्यू वर्ल्ड पिक्चर्स’ ही स्वतःची कंपनी काढली. याच कंपनीने स्वीडनचा थोर दिग्दर्शक बर्गमनचा ‘क्राइज अँड व्हिस्पर्स’ आणि जपानच्या कुरोसावाचा ‘देर्सू उझाला’ अमेरिकेत वितरित केले. एका हाताने राक्षस, दुसऱ्या हाताने बर्गमन. कॉर्मनला निव्वळ धंदेवाईक म्हणून निकालात काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ आला आणि १९७९मध्ये ‘एलियन’. दोन्ही विषयाने अस्सल बी मूव्ही. अंतराळातली तलवारबाजी आणि यानात शिरलेला राक्षस, हे तर कॉर्मनचं हक्काचं शेत. फरक एवढाच की आता त्यात मोठ्या स्टुडिओंनी एकेका चित्रपटामागे एक कोटी डॉलरच्या वर पैसा ओतला होता. छोट्या निर्मात्याच्या ताटातला घास सावकाराने उचलला म्हणा ना. प्रेक्षकाला चकचकीत यानं पाहायची सवय लागली. दोरीला टांगलेली तबकडी आता चालणार नव्हती.

कॉर्मनने यावर जो उपाय केला तो मला फार मोलाचा वाटतो. लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागात लाकडाची एक जुनी वखार होती. ती त्याने घेतली आणि तिथेच स्टुडिओ आणि ट्रिक सीनचं वर्कशॉप थाटलं. बाहेरच्या नावाजलेल्या कंपनीला काम देणं परवडणारं नव्हतं. म्हणून मॉडेल बनवणारी, रंगवणारी, कॅमेऱ्याची जोडणी करणारी पोरं थेट कामावर घेतली. बहुतेक जण नवखे, पगार तुटपुंजा, काम रात्रंदिवस.

तिथला पहिला मोठा उद्योग म्हणजे १९८०चा ‘बॅटल बियाँड द स्टार्स’. खर्च सुमारे २० लाख डॉलर, कॉर्मनच्या हिशेबाने छाती दडपवणारा. गोष्ट कुरोसावाच्या ‘सेव्हन समुराई’ची, फक्त गावाऐवजी ग्रह, आणि त्या ग्रहाचं नाव ‘अकिर’, म्हणजे अकिरा कुरोसावाला सरळ नमस्कार. संवाद जॉन सेल्सचे. संगीत जेम्स हॉर्नर नावाच्या तरुणाचं, ज्याचं ‘टायटॅनिक’चं संगीत पुढे जगभर गाजलं. कॅमेरॉन इथे मॉडेल बनवणारा म्हणून लागला. त्याआधी तो ट्रक चालवत असे, आणि १९७८मध्ये मित्रांसोबत एक छोटा विज्ञानपट करून बसला होता, एवढीच पुंजी. नायकाचं ‘नेल’ हे बोलकं यान त्याने घडवलं. मधेच कला दिग्दर्शकाची जागा रिकामी झाली आणि ती त्याच्याकडे आली. निर्मितीच्या कामात धावपळ करणारी गेल ॲन हर्ड तिथेच होती. १९८४मध्ये ‘द टर्मिनेटर’ची निर्माती तीच.

एकदा यानं आणि लढाया चित्रित झाल्या की कॉर्मन त्या फिल्मचा तुकडाही वाया जाऊ देत नसे. तीच अंतराळातली लढाई १९८२च्या ‘फॉरबिडन वर्ल्ड’मध्ये पुन्हा दिसते, १९८३च्या ‘स्पेस रेडर्स’मध्ये तर लढाईसोबत हॉर्नरचं संगीतही परत येतं. ‘फॉरबिडन वर्ल्ड’चा सुरुवातीचा भाग ‘गॅलक्सी ऑफ टेरर’च्या सेटवर, तो सेट मोडायच्या आत, घाईघाईने उरकलेला आहे. उरलेल्या भाताचा फोडणीचा भात करावा तसं हे. आणि फोडणीचा भात चांगला झाला तर त्याला कुणी नावं ठेवत नाही.

‘गॅलक्सी ऑफ टेरर’ची गोष्ट थोडक्यात अशी. ‘क्वेस्ट’ नावाचं यान मॉर्गॅन्थस ग्रहावर हरवलेल्या दुसऱ्या यानाच्या शोधात जातं. तिथे एक अजस्र पिरॅमिड आहे आणि त्यात शिरणाऱ्या प्रत्येकासमोर त्याची स्वतःची भीती देह धरून उभी राहते. कल्पना पैसे वाचवणारी आहेच, पण खोलही आहे. दिग्दर्शक ब्रूस क्लार्क. कलाकारांत टीव्हीवरच्या विनोदी मालिकांतून घराघरांत पोचलेले रे वॉल्स्टन आणि एरिन मोरान, आणि पुढे फ्रेडी क्रूगर म्हणून थरकाप उडवणारा रॉबर्ट इंग्लंड. आणखी एक नट सिड हेग, त्याला आपले संवाद बोलावेसेच वाटेनात. हे पात्र मुकंच ठेवूया, असं त्याने सुचवलं. कॉर्मनने मान्य केलं. एक वाक्य सोडलं तर तो चित्रपटभर गप्प आहे, आणि सर्वांत जास्त वजन त्याच्याच वाट्याला आलंय.

कॅमेरॉन इथे प्रॉडक्शन डिझायनर आणि सेकंड युनिटचा, म्हणजे मुख्य दिग्दर्शकाशिवायचे शॉट घेणाऱ्या चमूचा, दिग्दर्शक. त्याचा अळ्यांचा किस्सा त्या धंद्यात आजही सांगतात. तुटलेल्या हातावर अळ्या वळवळतायत असा शॉट हवा होता. अळ्या जिवंत, पण ढिम्म पडून. कॅमेरॉनने खोट्या हाताला लपवून तार जोडली आणि हलका विजेचा प्रवाह सोडायची सोय केली. तो ‘ॲक्शन’ म्हणाला की मागे प्रवाह सुरू, अळ्या वळवळायला लागायच्या. ‘कट’ म्हणाला की बंद, अळ्या थांबायच्या. नेमके तेव्हा मागे उभे राहून पाहत होते दोन निर्माते. अळ्यांकडूनसुद्धा अभिनय करून घेणारा हा पोरगा त्यांच्या नजरेत भरला आणि ‘पिरान्हा’च्या दुसऱ्या भागाचं दिग्दर्शन त्याला मिळालं, असं सांगतात. त्याच सेटवर सजावटीच्या कामाला बिल पॅक्स्टन होता, जो पुढे कॅमेरॉनच्याच ‘एलियन्स’मध्ये (‘एलियन’चा दुसरा भाग) आणि ‘टायटॅनिक’मध्ये दिसला. तिथेच राबणाऱ्या रॉबर्ट स्कोटॅकला ‘एलियन्स’च्या ट्रिक सीनसाठी ऑस्कर मिळालं. त्याच वखारीत जॉन कार्पेंटरच्या ‘एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क’ची ट्रिक दृश्यंही झाली.

एक गोष्ट मात्र झाकून चालणार नाही. या चित्रपटात एका स्त्रीपात्रावर राक्षसी अळीने केलेल्या अत्याचाराचं दृश्य आहे. सेन्सॉरशी झगडून, काटछाट करून ते ठेवलं गेलं, कारण ते विकलं जाईल हे ठाऊक होतं. विकलंही गेलं. मला ते तेव्हाही किळसवाणं वाटलं, आजही वाटतं. स्वस्त चित्रपटांच्या या धंद्याने तरुणांना हात मोकळे दिले, तसंच बाईचं शरीर सर्रास माल म्हणून मांडलं. दोन्ही एकाच वखारीतलं आहे.

आता कॅसेटकडे. जपानच्या जेव्हीसीने व्हीएचएस ही व्हिडीओ कॅसेटची पद्धत १९७६मध्ये बाजारात आणली. सोनीचं बेटामॅक्स त्याआधी वर्षभर. १९७७मध्ये मिशिगनमधल्या आंद्रे ब्ले नावाच्या माणसाने ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडून पन्नास चित्रपटांचे हक्क घेऊन कॅसेट विकायला काढल्या. त्याच वर्षी जॉर्ज ॲटकिन्सनने लॉस एंजेलिसमध्ये त्या कॅसेट भाड्याने द्यायला सुरुवात केली. बरेच मोठे स्टुडिओ या प्रकाराकडे संशयाने पाहत होते. घरी टीव्हीवरचा कार्यक्रम टेप करणं कायदेशीर आहे की नाही, यावर सोनीविरुद्धचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी १९८४मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने लागला.

तोवर गल्लोगल्ली व्हिडीओची दुकानं उभी राहिली होती. दुकानदाराला एक कॅसेट साठ-ऐंशी डॉलरला पडायची, भाडं दिवसाला दोन-तीन डॉलर. म्हणजे भांडवल वसूल व्हायला तीच कॅसेट पंचवीस-तीस वेळा बाहेर जायला हवी. आणि भिंतभर फळ्या तर भरायच्या होत्या! मोठे चित्रपट कमी पडत. ती जागा भरली बी मूव्हींनी. शनिवारी नवा गाजलेला चित्रपट आधीच कुणी नेलेला असायचा, मग गिऱ्हाईक भडक चित्राचा डबा पाहून दुसरं काहीतरी उचलायचं. ड्राइव्ह-इनची मैदानं हळूहळू बंद पडत होती. त्यांचा प्रेक्षक या फळ्यांसमोर येऊन उभा राहिला. पुढे पुढे तर कॅसेटचे हक्क आधीच विकून त्या पैशावर चित्रपट उभे राहू लागले.

आपल्याकडे रात्रभरासाठी व्हीसीआर भाड्याने आणून ज्यांनी पहाटेपर्यंत तीन-तीन कॅसेटी संपवल्या आहेत, त्यांना कॅसेटवरचं चित्र कसं असायचं हे सांगायला नको. काळोखी दृश्यं गढूळ, कडा विरघळलेल्या. एकच जागा लोकांनी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिली की टेप तिथे झिजायची, पडद्यावर पांढऱ्या रेघांचा पट्टा नाचायचा. कुणाला काय पाहायचं होतं ते टेपच सांगायची. पण या गढूळपणाचा थर्माकोलच्या यानाला फायदाच झाला. वखारीतले सेट मुळात अंधारात लपवायचेच होते, कॅसेटने ते आणखी लपवले. मोठ्या पडद्यावर जे उघडं पडलं असतं, ते घरातल्या छोट्या काचेवर खरं वाटलं.

कॉर्मनने १९८३मध्ये न्यू वर्ल्ड विकली आणि नव्या कंपन्या काढून तोच धंदा पुढे चालू ठेवला. २००९मध्ये त्याला मानद ऑस्कर मिळालं, मे २०२४मध्ये वयाच्या ९८व्या वर्षी तो गेला. ‘गॅलक्सी ऑफ टेरर’ मात्र अमेरिकेत कितीतरी वर्षं जुन्या कॅसेटांवरच जगत होता. २०१०च्या जुलैमध्ये तो डीव्हीडी आणि ब्ल्यू-रेवर स्वच्छ होऊन आला. आता तो बोळ लख्ख दिसतो. चित्र थांबवावं आणि भिंतीजवळ नजर न्यावी: रंगाच्या थराखाली डब्यांचे ते चौकोन सरळ रांगेत, नेटके बसवलेले आहेत. कुणीतरी रात्री जागून ते एका रेषेत लावले होते.