जीनोमिक्सचा आरोग्यव्यवस्थेत समावेश

माणसाचा किंवा रोगजंतूचा संपूर्ण जनुकीय आराखडा, म्हणजे जीनोम, वाचून ती माहिती निदान, उपचार, प्रतिबंध आणि साथनियंत्रण यांच्या रोजच्या कामात वापरणे. आणि त्यासाठी लागणाऱ्या प्रयोगशाळा, प्रशिक्षित माणसे, नोंदी, कायदे व पैसा यांची सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत कायमची सोय करणे.

मानवी जीनोममध्ये डीएनएच्या रासायनिक अक्षरांच्या सुमारे ३०० कोटी जोड्या आणि २० हजारांच्या आसपास प्रथिने घडवणारी जनुके असतात. पहिले वाचन करणारा मानवी जीनोम प्रकल्प १९९० ते २००३ असा १३ वर्षे चालला. आज तेच काम काही दिवसांत होते. क्रमनिर्धारण, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत सिक्वेन्सिंग, आता तितके अवघड राहिलेले नाही. अडते ते पुढे : सापडलेल्या बदलाचा अर्थ कोण लावणार, तो घरच्यांना कोण समजावणार, औषध कोण बदलणार आणि बिल कोण भरणार.

रुग्णाला होणारा उपयोग. जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह झालेल्या बाळाचे उदाहरण बोलके आहे. वर्षानुवर्षे अशा अनेक बाळांना आयुष्यभर इन्सुलिन टोचावे लागे. यांतील अनेकांचा आजार केसीएनजे११ या जनुकातील बदलामुळे होतो, हे २००४ मध्ये समजले. अशा बहुतेक मुलांना मधुमेहाच्या जुन्या आणि स्वस्त सल्फोनिलयुरिया गोळ्या लागू पडतात आणि सुई सुटते. एका चाचणीने एका घराचा दिनक्रम बदलतो. फिट्सवरचे कार्बामाझेपिन सुरू करण्यापूर्वी एचएलए-बी*१५:०२ हा जनुकाचा प्रकार तपासला, तर जिवावर बेतणारी त्वचेची प्रतिक्रिया टाळता येते. हृदयाची धमनी फुगवून स्टेंट बसवल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिले जाणारे क्लोपिडोग्रेल काहींच्या शरीरात पुरेसे क्रियाशील होत नाही, तेही जनुकामुळेच.

इतर देश आणि भारत. इंग्लंडने २०१२ मध्ये एक लाख जीनोमांचा प्रकल्प जाहीर केला, २०१८ मध्ये वाचन पूर्ण केले आणि त्याच वर्षी राष्ट्रीय आरोग्यसेवेत जीनोमिक सेवा सुरू केली. कोणत्या आजारात कोणती चाचणी सरकारी खर्चाने होईल, याची देशभर एकच यादी आहे, आणि सुरुवातीला ७ प्रादेशिक प्रयोगशाळा केंद्रांकडे हे काम सोपवले गेले. या यादीचे महत्त्व यंत्रांहून अधिक मानावे लागेल, कारण तिच्यामुळे चाचणी हा रुग्णाचा हक्क ठरतो.

भारतात हे चित्र जसेच्या तसे उतरत नाही. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे, आणि पुण्यासारख्या शहरात महानगरपालिकेचे दवाखाने ही आणखी एक पायरी. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल होण्यावर बेतलेले. जनुकीय चाचणी बहुधा बाह्यरुग्ण विभागात लिहून दिली जाते, त्यामुळे खर्च घरच्यांवर पडतो. दुर्मिळ आजारांसाठी २०२१ चे राष्ट्रीय धोरण आहे आणि ठरावीक उत्कृष्टता केंद्रांतून ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. महाराष्ट्रातून त्यांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. त्यात आदिवासी भागांतील ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. साध्या रक्तचाचणीवर चालणारे हे अभियान आनुवंशिक आजाराची तपासणी गावपातळीवर नेते, म्हणून मोलाचे.

मूळ माहितीचा पाया जीनोमइंडिया प्रकल्पाने घातला. जैवतंत्रज्ञान विभागाच्या या प्रकल्पात २० संस्थांनी मिळून सुमारे १० हजार भारतीयांचे जीनोम वाचले. पुण्याची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) त्यांपैकी एक. ही माहिती जानेवारी २०२५ मध्ये फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रातून संशोधकांसाठी खुली झाली. ती का हवी, याचे उत्तर पुण्यातच मिळते. टाइप १ आणि टाइप २ मधुमेहात भेद करण्यासाठी युरोपीय लोकांवरून बेतलेला जनुकीय जोखीम गुणांक, म्हणजे अनेक जनुकीय बदल एकत्र मोजून आजाराची शक्यता सांगणारा आकडा, भारतीयांना चालतो का, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयाने हैदराबादची सीसीएमबी ही पेशी व रेणवीय जीवशास्त्राची संशोधन संस्था आणि इंग्लंडचे एक्सेटर विद्यापीठ यांच्याबरोबर तपासले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आश्वासक होता : गुणांक उपयोगी पडतो, मात्र भारतीयांतील जनुकीय वेगळेपण त्यात घेतले तर तो अधिक नेमका होईल. सडपातळ प्रौढाला मधुमेह झाला की नेमका कोणता, हा प्रश्न इथल्या डॉक्टरांना वारंवार पडतो.

पुण्याचा अनुभव. कोरोना विषाणूचे जीनोम वाचण्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये स्थापन झालेल्या इन्साकॉग या देशव्यापी जाळ्यातील पहिल्या १० प्रयोगशाळांत पुण्याच्या दोन होत्या : राष्ट्रीय विषाणू संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. पुढे आयसर आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयानेही हे काम केले. ओमायक्रॉनचे बीए.४ आणि बीए.५ हे उपप्रकार महाराष्ट्रात प्रथम आढळले ते मे २०२२ मध्ये पुण्यातल्या रुग्णांत. नमुना नाकातून घेतला जाई, पेठेतून किंवा उपनगरातून प्रयोगशाळेत जाई, आणि निष्कर्ष आरोग्य खात्यापर्यंत पोहोचे. दवाखाना, संशोधन संस्था आणि प्रशासन एका साखळीत काम करू शकतात, हे त्या काळाने दाखवले.

मात्र या विषाणूचा जीनोम सुमारे ३० हजार अक्षरांचा, आणि त्याचा अहवाल सरकारला लागतो. माणसाचा अहवाल एका कुटुंबाला आयुष्यभर लागतो. त्यासाठी रास्ता पेठेतले केईएम, स्टेशनजवळचे ससून, गणेशखिंडीतले पेशी विज्ञान केंद्र आणि पाषाण रस्त्यावरची आयसर यांच्यात तशीच नेहमीची साखळी हवी. शहरात ज्ञान काही किलोमीटरांच्या आत एकवटले आहे. रुग्ण मात्र एका दारातून दुसऱ्या दारात स्वतःची फाइल नेतो.

समुपदेशन. या सेवेचा कणा जनुकीय समुपदेशक. तो कागदावर तीन पिढ्यांची वंशवेल काढतो, आई-वडील नात्यातले आहेत का, आत्येमामे भावंडांचे लग्न झाले आहे का, हे विचारतो. थॅलेसेमिया, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक रक्तविकार, हे पुणे परिसरातले नित्याचे उदाहरण. सिंधी समाजात त्याचे वाहक तुलनेने जास्त आढळतात, आणि फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात या समाजाची मोठी वस्ती झाली. थॅलेसेमिया मायनर असलेली व्यक्ती, म्हणजे वाहक, निरोगी असते. दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला मेजर, म्हणजे गंभीर आजार, होण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून लग्नाआधी पत्रिकेबरोबर हिमोग्लोबिनचा अहवालही पाहावा. आपल्याकडे दोष लगेच सुनेच्या माथी मारला जातो. या आजारात जनुक दोघांकडून येते, हे सासूसमोर शांतपणे सांगणे हाही उपचारच आहे.

गर्भातील जनुकीय चाचण्यांना १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा लागू असून त्या नोंदणीकृत केंद्रांतच करता येतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ चा डिजिटल कायदा आहे. आरोग्यविमा किंवा नोकरीत जनुकांवरून भेदभाव होऊ नये म्हणून अमेरिकेत २००८ पासून स्वतंत्र कायदा आहे, तसा भारतात नाही. तो व्हायला हवा. एकाचा जीनोम त्याच्या भावंडांबद्दल आणि मुलांबद्दलही बोलतो, त्यामुळे एकट्याची संमती अपुरी पडते.

नोंदी आणि पुनर्वाचन. अनेक अहवालांत ‘अर्थ अनिश्चित’ असे बदल नोंदवलेले असतात. नवे पुरावे मिळाले की त्यांतले काही निरुपद्रवी ठरतात, काही आजाराचे कारण. म्हणजे तीन वर्षांपूर्वीचा अहवाल पुन्हा वाचावा लागतो आणि बदल झाला तर कुटुंबाला शोधून कळवावे लागते. इंग्लंडमध्ये रुग्णाची नोंद एका राष्ट्रीय क्रमांकाशी जोडलेली असते. भारतात २०२१ पासून आभा या डिजिटल आरोग्य खात्याच्या क्रमांकाची सोय झाली आहे, पण जनुकीय अहवाल त्याला नियमितपणे जोडले जात नाहीत. तोवर जुना अहवाल जपून पुढच्या डॉक्टरांपुढे ठेवण्याचे काम मुख्यतः फाइल पिशवीत घालून फिरणारी आईच करते.