लायब्ररी सापडत नाही म्हणजे नक्की कोणाला सापडत नाही?

लिनक्सवर "लायब्ररी सापडत नाही" असं आलं की बरेचजण नावाच्या शेवटी डेव्ह (डेव्हलपमेंट, म्हणजे बिल्डसाठीचं) लावून पॅकेज टाकून मोकळे होतात, कधी काम होतं, कधी पॅकेज टाकूनही एरर जागचा हलत नाही. कारण दिसायला सारखे असले तरी हे एरर दोन आहेत. ओपनएसएसएल, म्हणजे प्रोग्रामना एन्क्रिप्शनचा तयार कोड देणारी लायब्ररी, तिचंच घेऊ, उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर आलेल्यांना तिने फार छळलंय.

तुम्ही सोर्सवरून काहीतरी बिल्ड करताय आणि मधेच "ओपनएसएसएल/एसएसएल.एच: नो सच फाईल ऑर डिरेक्टरी" आलं, तर ही तक्रार कंपायलरची, म्हणजे सोर्स कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्याची आहे. त्याला हेडर फाईल हवीय, म्हणजे लायब्ररीत काय काय आहे ते सांगणारी. लायब्ररी मशीनवर बहुतेक असतेच, फक्त हेडर वेगळ्या पॅकेजमध्ये असतात, उबुंटू-डेबियनवर लिबएसएसएल-डेव्ह, फेडोरावर ओपनएसएसएल-डेव्हेल. टाका, बिल्ड परत चालवा, झालं. "कॅनॉट फाइंड -एलएसएसएल" पण याच जातीचा, तिथे लिंकर, म्हणजे बिल्डच्या शेवटी प्रोग्रामला लायब्ररीशी जोडणारा, अडलेला असतो आणि त्याला लागणारी बिनव्हर्जनची लिबएसएसएल.एसओ ही लिंक पण डेव्हमध्येच येते.

दुसऱ्या एररमध्ये बिल्ड कधीच होऊन गेलेलं असतं. कोणीतरी दिलेली तयार बायनरी (बिल्ड झालेली प्रोग्राम फाईल) तुम्ही चालवता आणि येतं "एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज: लिबएसएसएल.एसओ.१.१". ही तक्रार लोडरची, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडून देणाऱ्याची. इथे शेवटचा १.१ नीट वाचा, सगळं त्यातच आहे. २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३ आहे, तिची फाईल लिबएसएसएल.एसओ.३, आणि १.१ वालं पॅकेज रेपोमध्ये, म्हणजे उबुंटूच्या पॅकेजांच्या साठ्यातच नाही, त्यामुळे डेव्ह कितीही वेळा टाका, ते ३ चंच येणार आणि लोडर १.१ च मागत राहणार.

मग कोणीतरी सांगतं की ३ वाल्या फाईलला १.१ नावाची सिमलिंक (दुसऱ्या नावाने तीच फाईल दाखवणारी लिंक) कर. प्लीज नका करू! फाईल सापडते खरी, पण लोडर आतल्या सिंबॉलचं, म्हणजे फंक्शन वगैरेंच्या नावांचं, व्हर्जनही तपासतो, आणि लगेच "व्हर्जन ओपनएसएसएल_१_१_० नॉट फाउंड" म्हणून परत अडतो. १.१ चं जुनं डेब (उबुंटूची पॅकेज फाईल) कुठून तरी उतरवून टाकणंही मला पटत नाही, १.१.१ चा मोफत सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्ये संपलाय आणि ही एन्क्रिप्शनची लायब्ररी आहे हो, तिथे तरी जुगाड नको. त्या प्रोग्रामची नवीन आवृत्ती घ्या, सोर्स असेल तर ३ वर परत बिल्ड करा, काहीच नसेल तर २०.०४ च्या कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी सिस्टमपासून वेगळ्या ठेवलेल्या २०.०४ मध्ये चालवा.

नेमकं काय कमी आहे ते एलडीडी ही कमांड दाखवते, ज्या ओळीपुढे "नॉट फाउंड" तीच लायब्ररी. फक्त बायनरीवर भरवसा नसेल तर एलडीडी वापरू नका, काही वेळा ती बायनरी चालवूनच माहिती काढते, त्यापेक्षा रीडएल्फ -डी बरं, ते फक्त फाईल वाचतं.

आणि लायब्ररी तुम्ही स्वतः बिल्ड करून /यूएसआर/लोकल/लिब मध्ये टाकलीय, फाईल डोळ्यांना दिसतेय तरी लोडर नाही म्हणतोय, तर आधी सुडो लावून एलडीकॉन्फिग चालवा, बऱ्याचदा लोडरची कॅशे, म्हणजे कुठली लायब्ररी कुठे आहे याची त्याची यादी, जुनी असते एवढंच.