घरच्या कॉम्प्युटरची रॅम जुळवणं

घरी कॉम्प्युटर असेंबल करताना आपल्या मदरबोर्डला आणि प्रोसेसरला चालेल अशीच रॅम निवडणं, याला रॅम जुळवणं म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हा विषय जरा जास्तच निघतो, कारण इथं एका मशीनचे पार्ट बऱ्याचदा तीन गावचे असतात, बोर्ड बेळगावातून, प्रोसेसर कोल्हापुरातल्या मित्राकडून वापरलेला, रॅम ऑनलाइन नाहीतर बेंगळुरूच्या एसपी रोडवरून कुणीतरी येताना आणलेली. सगळे पार्ट एका टेबलावर पहिल्यांदा येतात ते घरीच, आणि तेव्हा कळतं की रॅम स्लॉटात बसतच नाही.

म्हणून पहिली गोष्ट जनरेशन, म्हणजे रॅमची पिढी, ती डीडीआरच्या पुढच्या आकड्यावरून कळते. डीडीआर ३ ला २४० पिना, डीडीआर ४ ला २८८ आणि डीडीआर ५ ला पण २८८च, त्यामुळं ४ आणि ५ लांबून सारख्याच दिसतात पण मधली खाच वेगळ्या जागी असते, एकाची दुसऱ्यात जात नाही म्हणजे नाही. जोर लावून दाबली तर स्लॉट फुटतो, मग बोर्डच बदलायची वेळ. व्होल्टेजही वेगळं, डीडीआर ३ चं १.५, ४ चं १.२ आणि ५ चं १.१. लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती साध्या डेस्कटॉप बोर्डात चालत नाही, हे सांगायची गरज पडू नये पण पडते.

एएमडीकडं हिशोब सोपा आहे, एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसतो तो खाचा) म्हणजे डीडीआर ४ आणि २०२२ पासूनचा एएम५ म्हणजे फक्त डीडीआर ५. घोळ होतो तो इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये, म्हणजे १२व्या, १३व्या, १४व्या जनरेशनला. हे प्रोसेसर दोन्ही रॅम चालवतात, पण बोर्ड एकच चालवतो, आणि बी७६०, एच६१० अशा एकाच चिपसेटचे (बोर्डावरच्या मुख्य चिपचे) बोर्ड दोन्ही प्रकारात मिळतात. नावात शेवटी 'डी४' असं लिहिलेलं असलं तर बहुतेक डीडीआर ४ वाला, नसलं तर अंदाज करत बसू नका, कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलचं पान उघडा. दुकानदाराला फोनवर "आय५ ला रॅम पाहिजे" एवढंच सांगितलं तर तो पण "बसतंय की अण्णा, घिऊन जावा" म्हणणार, त्याचं काय चुकलं, त्याला बोर्डचं नाव कुणी सांगितलंच नाही. पूर्ण नाव सांगायचं, पाठीमागच्या व्हर्जनसकट.

बोर्ड कंपन्या प्रत्येक मॉडेलची एक यादी देतात, कुठली रॅम कुठल्या स्पीडला टेस्ट करून चालली त्याची. यादीत नाही म्हणजे चालणारच नाही असं नाही, पण यादीतली घेतली तर डोकेदुखी कमी. डीडीआर ५ ला ही यादी बघावीच, त्यातही २४ आणि ४८ जीबीच्या स्टिक (रॅमच्या पट्ट्या) असतील तर बोर्डाचं बायोस, म्हणजे मशीन चालू करणारा बोर्डातला प्रोग्राम, बरेचदा अपडेट करावं लागतं.

मग स्पीड. डब्यावर ३२०० लिहिलंय म्हणून ती ३२०० ला धावते असं नाही. नुसती लावली की ती २१३३, २४०० किंवा २६६६ अशा साध्या स्पीडला चालू होऊ शकते, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे डब्यावरच्या स्पीडला रॅम चालवायची सेटिंग, चालू करावं लागतं, एएमडीच्या डीडीआर ५ ला एक्स्पो. बऱ्याच जणांची महागडी रॅम वर्षानुवर्षं हळू चालत असते आणि त्यांना पत्ताच नसतो. उलटंही होतं, बी४६० किंवा एच४१० बोर्डावर आय५ १०४०० असेल तर रॅम २६६६ च्या वर जातच नाही, तिथं ३६०० ची रॅम घेणं म्हणजे पैसे पाण्यात. सीएल, म्हणजे डेटा मागितल्यावर रॅम किती वाट बघायला लावते त्याचा आकडा, तोही स्पीडबरोबरच बघायचा, सीएलला २००० नं गुणून स्पीडनं भागलं की नॅनोसेकंद मिळतात, म्हणजे ३२०० सीएल १६ चे १० आणि ६००० सीएल ३० चे पण १०च. वाट बघण्याचा वेळ सारखाच, फक्त ६००० वाली दर सेकंदाला जास्त डेटा नेते.

एक १६ ची स्टिक घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्याव्यात, ड्युअल चॅनेल मिळतं, म्हणजे दोन्ही स्टिकमधून एकदम डेटा जातो, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर फरक डोळ्यांना दिसतो. चार स्लॉटच्या बोर्डात या दोन बहुतेक वेळा प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात जातात. जोडी एकाच पाकिटातली असावी. आज एक घेतो, दिवाळीला तसलीच दुसरी घेतो, हा प्लॅन दिसतो बरा, पण कंपन्या तेच मॉडेल नंबर ठेवून आतल्या चिप बदलतात. वेगवेगळ्या स्टिक बऱ्याचदा चालतात पण सगळ्या सगळ्यात हळू स्टिकच्या स्पीडला येतात, आणि कधीकधी चालतच नाहीत. डीडीआर ५ च्या चार स्टिक तर टाळाच, रायझन ७००० ला दोन स्टिकवर अधिकृत स्पीड ५२०० आणि चार लावल्या की ३६००.

किती जीबी घ्यायची ते कामावर. टायपिंग, टॅली, नुडीत (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) कन्नड अर्ज आणि मराठी पत्र यांना ८ भागते. मराठी-कन्नड दोन्ही लिपीतल्या लग्नपत्रिका आणि मोठाले फ्लेक्स करायचे, कोरल आणि फोटोशॉप एकदम उघडे ठेवायचे तर १६. लग्नाचे व्हिडिओ एडिटिंग किंवा बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या कामाची थ्रीडी ड्रॉइंग असतील तर ३२ घ्या, कुरकुर करू नका.

जुन्या मशीनवाल्यांनी जरा जास्त सांभाळायचं. इंटेलच्या जुन्या जी४१ चिपसेटच्या बोर्डाला ४ जीबीची डीडीआर ३ हवी तर १६ चिपांची, दोन्ही बाजूंनी भरलेली लागते, ८ चिपांची नवी स्टिक तो ओळखत नाही. बाजारात 'फक्त एएमडी' अशा स्वस्त डीडीआर ३ स्टिक फिरतात, त्या इंटेल बोर्डावर चालत नाहीत, आणि जुन्या मालावर ते लेबल कधी असतं कधी खरवडलेलं असतं. इंटेलच्याच एच६१ बोर्डाला दोन स्लॉट मिळून १६ जीबी ही हद्द. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड ईसीसी रॅम स्वस्तात मिळते, पण घरगुती बोर्ड ती घेत नाही.

रॅमवरचा उंच हीटसिंक (थंड ठेवणारं धातूचं कव्हर) प्रोसेसरच्या मोठ्या कूलरला अडतो, तेवढं मापून घ्या.

लावून झाल्यावर स्क्रीन काळी राहिली तर घाबरून बटण दाबत बसू नका, डीडीआर ५ पहिल्यांदा काही मिनिटं ट्रेनिंग घेते, म्हणजे बोर्ड तिच्याशी जुळवून घेत असतो. नंतरही काही नाही, बोर्डावरचा डीरॅमचा लाइट पेटलेलाच आहे, किंवा पीक-पीक आवाज येतोय, तर एकच स्टिक ठेवून एकेक स्लॉट बघायचा. खानापूर, जांबोटीकडं पावसाळ्यात दमट हवेनं जुन्या रॅमच्या पिना मळतात, मशीन बंद करून वायर काढून खोडरबरनं हलकं पुसलं की पुष्कळदा चालू होतं. विंडोज आलं म्हणून रॅम चांगली असंही समजू नका, रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ प्रोग्राम रात्रभर लावून ठेवा, एक जरी एरर आली तर एक्सएमपी बंद करून परत बघा. तरीही आली तर बदलून घ्यायची, आणि त्यासाठी बिल लागतं, म्हणून बाहेरगावाहून कुणाच्या हाती मागवताना बिल आणि सिरियल नंबरचा फोटो आधीच मागून घ्यावा.