कॉमन रोझ की मॉरमॉनची मादी? आधी पोट बघा

माघ सरत आला की कढीपत्त्याला नवी पालवी फुटते आणि फोटो फिरू लागतात. मोठं काळं फुलपाखरू, मागच्या पंखावर पांढरा ठसा, कडेने लाल ठिपके, टोकाला शेपट्या, आणि खाली ठामपणे लिहिलेलं नाव: ‘कॉमन रोझ’. यातल्या कित्येक फोटोंत कॉमन रोझ नसतंच. असते ती कॉमन मॉरमॉनची मादी. दोघांची कुळी एक असली तरी अंडी घालायची झाडं-वेली वेगळ्या, सुरवंट वेगळा आणि जगायची रीतही वेगळी. नाव चुकलं की बागेत कोणतं झाड लावायचं हेही चुकतं.

मॉरमॉनचा नर सगळ्यांना माहीत आहे. काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची एक आडवी रांग. लिंबू किंवा कढीपत्ता असलेल्या बागेत तो येतोच. घोळ मादीमुळे होतो, कारण भारतात ती तीन रूपांत दिसते. ‘सायरस’ रूपातली मादी नरासारखीच असते. ‘स्टिकियस’ रूपातली कॉमन रोझसारखी, तर ‘रोम्युलस’ रूपातली क्रिमझन रोझ या दुसऱ्या फुलपाखरासारखी. पूर्वी अनेक बायका करणाऱ्या अमेरिकेतल्या मॉरमॉन पंथीयांवरून इंग्रजांनी या फुलपाखराला नाव दिलं, ते या तऱ्हेतऱ्हेच्या माद्यांमुळेच. निसर्ग अभ्यासक आल्फ्रेड वॉलेसने 1865मध्ये या रूपांवर लिहिलं. रूप ठरवणारं जनुक ‘डबलसेक्स’ आहे, हे फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014मध्ये दाखवलं.

आता खरा फरक. तो पंखांवर नाही, अंगावर आहे. कॉमन रोझचं डोकं, छातीच्या बाजू आणि पोट लाल असतं, अगदी कुंकवासारखं. मॉरमॉनच्या मादीचं अंग काळंच, फार तर डोक्या-छातीवर बारीक पांढरे ठिपके. मादीने केलेली रोझची नक्कल पंखांपुरतीच आहे, अंगापर्यंत ती पोचलेली नाही. त्यामुळे हा एक फरक पक्का दिसला की बाकी काही बघायची गरज उरत नाही.

मग इतकी साधी खूण चुकते कशी? दोन कारणं आहेत. पहिलं, फोटो वरून काढलेला असतो. रोझची छाती आणि पोटाचा बुडखा वरच्या बाजूने काळाच असतो. पंख पसरून बसलेलं रोझ नेमकं डोक्यावरून टिपलं की लाल रंग दडतो आणि रोझला मॉरमॉन म्हटलं जातं. दुसरं कारण याच्या अगदी उलट. स्टिकियस मादीच्या मागच्या पंखाच्या आतल्या कडेला, म्हणजे पोटाला चिकटून असलेल्या भागावर, लाल डाग असतात. पंख फडफडत असताना घेतलेल्या हललेल्या फोटोत हा लाल रंग पोटाचाच वाटतो आणि मॉरमॉनचं रोझ होतं.

यावर उपाय एकच: बाजूने बघा. फुलपाखरू घाणेरीवर, एक्झोरावर किंवा पेंटासवर उतरलं की दीड-दोन मीटरवर थांबा, फुलाच्या उंचीला खाली बसा आणि पोटाच्या टोकाकडे नजर ठेवा. टोक लाल असेल तर रोझ, काळं असेल तर मॉरमॉन. रस पितानाही दोघं पंख फडफडवत राहतात, म्हणून फोनवर एकेक फोटो काढत बसू नका. बटण दाबून धरा आणि सलग दहा-पंधरा टिपा. कॅमेरा असेल तर शटर 1/1000 सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. सकाळी आठ ते अकरा ही वेळ चांगली. भर दुपारच्या उन्हात लाल रंग फोटोत फिका पडतो, काळाही करडा दिसतो.

आकार बघून, शेपटी बघून किंवा पांढऱ्या ठशाच्या आकारावरून नाव ठरवणं सोडून द्या. आकार जवळपास सारखाच, शेपटी दोघांनाही, आणि ठसा एकाच जातीत कमी-जास्त होतो. उडण्यात थोडा फरक असतो. रोझ संथ, सरळ, बिनधास्त तरंगत जातं. मॉरमॉनची मादीही तशीच उडते, पण दचकली की तिचा वेग एकदम वाढतो. अंदाजाला हे ठीक आहे, नोंदीला पुरेसं नाही.

रोझ बिनधास्त असतं ते विषामुळे. त्याचे सुरवंट ईश्वरीच्या, म्हणजे सापसणीच्या वेलीवर वाढतात आणि तिच्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल अंगात साठवतात. ते कोषातून पुढे फुलपाखरातही उतरतं. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. मॉरमॉनची मादी बिनविषारी, पण तोच वेश घालून वाचते. (हेच आम्ल माणसाच्या मूत्रपिंडाला घातक आहे. ईश्वरी लावा ती फुलपाखरांसाठी, तिचा काढा करून पिऊ नका.)

पोट दिसलंच नाही, तर पान बघा. अंडी घालायला आलेली मादी पानापानावर थबकते, पुढच्या पायांनी पान चाचपते आणि पोट वाकवून एक अंडं चिकटवते. कढीपत्ता, लिंबू, संत्रं अशा झाडांवर हे दिसलं तर ती मॉरमॉन. ईश्वरीवर दिसलं तर रोझ. इथे फसगत होत नाही, कारण रोझ कढीपत्त्यावर अंडी घालत नाही. तरीही ‘रोझ यावं म्हणून कढीपत्ता लावा’ हा सल्ला दरवर्षी दिला जातो. तो चूक आहे. रोझ हवं असेल तर ईश्वरी लावावी लागते, आणि चैत्र-वैशाखात तिला नियमित पाणी द्यावं लागतं, नाहीतर वेल सुकते.

सुरवंटांत तर गोंधळाला जागाच नाही. रोझचा सुरवंट गडद मरून असतो. अंगभर मऊ लाल गाठी आणि मधोमध पांढरा पट्टा. काटेरी वाटतो, पण टोचत नाही. मॉरमॉनचा लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो आणि मोठा झाला की हिरवा होतो. डिवचला तर डोक्यामागून लाल, दुभंगलेलं शिंग बाहेर काढतो आणि उग्र वास सोडतो. लहान वयात लाइम बटरफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराचा सुरवंटही कढीपत्त्यावर असाच दिसतो, म्हणून विष्ठेसारख्या सुरवंटावरून जात ठरवू नका. आणि ‘पानांवर घाण पडलीय’ म्हणून पाण्याचा फवारा मारण्याआधी ती घाण जवळून बघा. मोठ्या कढीपत्त्यावरचे चार-पाच सुरवंट झाडाला मारत नाहीत, पानं पुन्हा येतात. कीटकनाशक मारलंत तर मात्र सुरवंट जातात आणि ती पानं आमटीत घालायच्या कामाचीही राहत नाहीत.

क्रिमझन रोझ आणि मॉरमॉनची रोम्युलस मादी यांनाही हाच नियम लावा. दोघांच्या पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे असतात, मागच्या पंखांवर लाल ठिपके. अंग लाल असेल तर क्रिमझन रोझ, काळं असेल तर मॉरमॉन. अंग दिसत नसेल तर नोंदीत ‘रोझ किंवा मॉरमॉन मादी’ एवढंच लिहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलांपाशी पुन्हा बसा.