बक्षीसपत्र की मृत्युपत्र? 200 रुपयांसाठी घाई करू नका

बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जायची चर्चा सुरू झाली की दादर-गिरगावात घरोघरी हा विषय निघतो आणि कोणीतरी सांगतंच, काका, घराचं मुलाच्या नावावर गिफ्ट डीड (म्हणजे बक्षीसपत्र) करून टाका, स्टॅम्प ड्युटी फक्त 200 रुपये. आता हे खोटं नाही, महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायको, मुलं, नातवंडं किंवा वारलेल्या मुलाची बायको यांना बक्षीस दिलं तर ड्युटी तेवढीच आहे (भावाला दिलं तर नाही), पण त्याने बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र एकच होत नाही ना!

बक्षीसपत्र रजिस्टर करावंच लागतं, आणि झालं की घर त्याच दिवसापासून मुलाचं. तुम्ही तिथेच राहताय, मेंटेनन्स तुम्हीच भरताय, तरी मालक तो, उद्या तो त्यावर लोन काढेल, विकेलही. मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. आणि देव न करो पण मुलगाच आधी गेला आणि त्याने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे घर त्याच्या बायको-मुलांना आणि आईला जातं, वडील पहिल्या वर्गाच्या (म्हणजे ज्यांचा हक्क आधी येतो त्या) वारसांत नाहीतच, म्हणजे ज्याने घर दिलं त्याच्याच हातात काही नाही. हे ऐकून लोक गप्प होतात, कारण आधी कोणी सांगितलेलंच नसतं.

मृत्युपत्राचं तसं नाही. तुम्ही आहात तोवर ते नुसता कागद, घर तुमचंच, कितीही वेळा बदला, शेवटचं असेल ते धरतात. स्टॅम्प ड्युटी नाही, रजिस्ट्रेशनची सक्ती नाही (तरी करा, नंतर भांडणात उपयोगी पडतं), साध्या कागदावर चालतं पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच, आणि साक्षीदार शक्यतो तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि ज्याला घरातलं काही मिळणार नाही असा घ्या.

मसुदा हातात आला की वरचं शीर्षक वाचून थांबू नका, आत "आजपासून मालकी दिली" लिहिलंय की "माझ्या पश्चात" हे बघा, कोर्ट तेच बघतं.

तरीही बक्षीसपत्रच करायचं असेल तर त्यात तुम्हा नवरा-बायको दोघांनाही मरेपर्यंत राहायचा हक्क आणि मुलगा सांभाळेल ही अट स्पष्ट लिहून घ्या. 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली, अट असून सांभाळलं नाही तर ट्रिब्युनल (या कायद्याखालच्या तक्रारी ऐकणारं न्यायाधिकरण) बक्षीस रद्द करू शकतं, पण 2022मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशी अट होती हे दाखवावं लागतं, नुसतं प्रेमाने दिलं म्हणून भागत नाही.

टॅक्ससाठी घाई करताय तर तेही नको, आईवडिलांकडून घर बक्षीस मिळो की मृत्युपत्राने, मुलाला इन्कम टॅक्स दोन्हीकडे लागत नाही, पुढे विकलं की मात्र कॅपिटल गेन (विक्रीतला करपात्र नफा) तुमच्या खरेदीच्या किमतीवरून काढतात, म्हणून तुमचं जुनं अॅग्रीमेंट फाईलमध्ये जपून ठेवा.