पेडलखालची केबल गेली तेव्हापासून

गेल्या पावसाळ्यात कसारा घाट चढताना आमची गाडी मलूल पडली. पेडल तळाला टेकलं तरी इंजिन जोर धरेना, डॅशबोर्डवर पिवळा दिवा. ट्रकांच्या मागून रांगत इगतपुरी गाठली. दुसऱ्या दिवशी नाशिकला, द्वारका चौकाजवळच्या गॅरेजात मिस्त्रींनी बॉनेटला हातही लावला नाही. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात स्कॅनर खुपसला आणि म्हणाले, "पी २१३८. पेडलच्या दोन सेन्सरांचं एकमेकांशी पटत नाहीये, दादा." कनेक्टरमध्ये ओल शिरली होती. वाळवून, पिना साफ करून गाडी हातात दिली.

पूर्वी ॲक्सिलरेटरपासून इंजिनपर्यंत तारेची केबल असायची. आता पेडलच्या मुळाशी दोन सेन्सर असतात. पाय किती दाबला हे दोघं वेगवेगळ्या व्होल्टेजमध्ये सांगतात आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, ते सतत ताडून पाहतो. दोघांचा मेळ बसला नाही तर खरं कोण बोलतंय हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून तो इंजिनाचा जोरच कापतो. घाटात मागे ट्रक लागलेला असताना ही सुरक्षितता अंगावर येते, पण उलटं, म्हणजे गाडी आपोआप सुसाट सुटली असती तर काय, हा विचार केला की राग ओसरतो.

नाशिकला हा बदल परका नाही. त्र्यंबक रोडवरच्या चौकाला लोक अजून मायको सर्कलच म्हणतात, कंपनीचं नाव २००८ मध्येच बॉश झालं असलं तरी. सातपूरच्या त्या कारखान्याची ओळख म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे नोझल. जुना नोझल निव्वळ यांत्रिक होता. पंपाने दाब वाढवला की स्प्रिंग दबायची, सुई उचलायची, फवारा उडायचा. शंका आली की नोझल टेस्टरला लावून दांडा हाताने मारायचा. धुक्यासारखा फवारा म्हणजे नोझल चांगला, धार लागली की गेला. पुढे त्याच कारखान्यात कॉमन रेलचे इंजेक्टर बनू लागले. त्यात डिझेल हजार-दीड हजार बारच्या दाबाखाली तयारच असतं. सुई कधी आणि किती वेळ उचलायची, हे ईसीयू सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या चुंबकाला) करंट देऊन ठरवतो, तेही मिलिसेकंदाच्या हिशोबात. दांडा मारून याची परीक्षा होत नाही.

गाडीत इलेक्ट्रॉनिक्स शिरलं ते मुख्यतः धुरामुळे. सुरक्षेचा विचार बराच मागाहून आला. १९५८ च्या काही क्रायस्लर गाड्यांत बेंडिक्स कंपनीचं, पेट्रोल विजेच्या इशाऱ्यावर फवारणारं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवलं होतं. ते इतकं लहरी निघालं की त्यातल्या बहुतेक गाड्यांना पुन्हा हवेत पेट्रोल मिसळणारे जुने यांत्रिक कार्बोरेटर लावावे लागले. १९६७ मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक ही इंजेक्शन प्रणाली फोक्सवॅगनमध्ये आली आणि टिकली, कारण अमेरिकेत धुराचे नियम कडक होत चालले होते. आपल्याकडे मारुती ८०० चा कार्बोरेटर २००० च्या सुमारास गेला, तोही याच कारणाने. केवळ सुरक्षेसाठी आलेली मोठी गोष्ट म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारं एबीएस: १९७८, मर्सिडीजची एस-क्लास.

मग वाद सुरू झाले. १९८६ मध्ये अमेरिकेत ऑडी ५००० आपोआप सुसाट धावते अशी ओरड झाली. १९८९ चा सरकारी निष्कर्ष असा की बहुतेक चालकांचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला होता. वीस वर्षांनी टोयोटावर तोच आरोप आला. ऑगस्ट २००९ मध्ये सॅन डिएगोजवळ टोयोटाच्याच एका लेक्ससमधले चौघे दगावले. तिथे पेडल चुकीच्या फ्लोअर मॅटमध्ये अडकलं होतं. लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि इलेक्ट्रॉनिक्स तपासायला थेट नासाला बसवलं गेलं. फेब्रुवारी २०११ च्या अहवालात इलेक्ट्रॉनिक दोषाचा पुरावा मिळाला नाही. मात्र एका पेडल सेन्सरमध्ये कथलाचे केसाएवढे कोंब फुटून शॉर्ट झालेलं सापडलं. २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या ज्युरीने सॉफ्टवेअरवर बोट ठेवणाऱ्या तज्ज्ञांची साक्ष ऐकून कंपनीला जबाबदार धरलं. २०१४ चा १२० कोटी डॉलरचा दंड मात्र मॅट आणि अडकणाऱ्या पेडलची माहिती लपवल्याबद्दल होता. या दोन गोष्टी लोक हमखास एकात मिसळतात.

माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. तुटलेली केबल कोर्टात टेबलावर ठेवता येते. सॉफ्टवेअर चुकलं, तर गाडी बंद करून चालू केली की खूण पुसली जाऊ शकते. नोव्हेंबर २०११ मध्ये आलेलं आयएसओ २६२६२ हे गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षेचं मानक म्हणून आधीच हिशोब मागतं. बिघाड झाला तर इजा किती गंभीर, तो प्रसंग किती वेळा येणार आणि चालकाला गाडी सावरता येईल का, यावरून ए ते डी अशी श्रेणी ठरते. ब्रेक, स्टिअरिंगसारख्या जिवावरच्या गोष्टी सहसा डी मध्ये जातात. पुढे २०१५ मध्ये दोन संशोधकांनी दूर बसून, इंटरनेटवरून एका चालत्या जीपचा ताबा घेऊन दाखवला आणि १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

भारतात एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं. सदोष गाड्या परत बोलावण्याचा अधिकार सरकारला त्याच वर्षीच्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने मिळाला.

ऑक्टोबरात आमचा पिवळा दिवा पुन्हा लागला. या वेळी मिस्त्रींनी पेडलची अख्खी असेंब्लीच बदलली. जुनी मी मागून घेतली आणि घरी उघडली. आत दोन काळ्या पट्ट्या, त्यांवर सरकणारे बारीक ब्रश. भिंग लावून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं. दोन्ही पट्ट्या अगदी सारख्या दिसतात.