कपाट, मंत्रिमंडळ आणि चारशे मिलिसेकंद

भाचीने परवा एक जाहिरात पाठवली. ‘बातम्यांवरची इंग्रजी कॉमेडी बघा, शब्दसंग्रह आपोआप वाढेल. पाठांतर नको, डिक्शनरी नको.’ खाली मेंदूचं चित्र, त्याची उजवी बाजू दिवाळीसारखी उजळलेली. सोबत भाचीचा प्रश्न: ‘मामा, असं खरंच होतं का?’

उजळलेला उजवा मेंदू दिसला की मी सावध होतो. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं बरंचसं काम डाव्या बाजूला चालतं आणि विनोद कळायला दोन्ही बाजू कामाला लागतात. ‘आपोआप’ हा शब्द तर जाहिरातवाल्यांचा लाडकाच. तरीही कल्पनेत दम आहे, आणि तो कुठे आहे हे पाहायला एक विनोद पुरे.

समजा, मंत्रिमंडळाने सुधारणांची एक योजना लांबणीवर टाकली. ही बातमी तुम्ही सकाळीच मराठीत वाचलीय. रात्री विनोदी कार्यक्रमाचा सूत्रधार म्हणतो, ‘द रिफॉर्म प्लॅन हॅज बीन शेल्व्ड. वेल, व्हॉट एल्स इज अ कॅबिनेट फॉर?’ कॅबिनेट म्हणजे मंत्रिमंडळ, हे तुम्हाला ठाऊक आहे. कॅबिनेट म्हणजे कपाट, हेही कधीतरी कानावरून गेलेलं असतं. अडतं ते ‘शेल्व्ड’पाशी. पण योजनेचं काय झालं हे आधीच माहीत असल्यामुळे त्याचा अर्थ ‘लांबणीवर टाकली’ असाच असणार, असा अंदाज बांधता येतो. मग कपाटावरून शेल्फ, म्हणजे फळी, आठवते आणि चित्र पुरं होतं: योजना फळीवर धूळ खात पडलीय. आपण मराठीत ती बासनात गुंडाळतो, इंग्रजीवाले फळीवर ठेवतात.

आता माझा आवडता भाग. ‘कॅबिनेट’पाशी तुमच्या डोक्यात नेमकं काय झालं?

१९८० साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड या दोन संशोधकांनी लोकांच्या डोक्यावर मेंदूतले विद्युत संकेत टिपणारे इलेक्ट्रोड लावून त्यांना पडद्यावर एकेक शब्द करत वाक्यं वाचायला दिली. काही वाक्यांचा शेवट मुद्दाम बिघडवलेला होता. त्यातलं एक गाजलेलं वाक्य मराठीत साधारण असं होईल: ‘त्याने गरम पावाला मोजे फासले.’ ‘मोजे’ वाचल्यावर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी आलेखात एक ऋण लाट उमटली. तिचं नाव एन-४००. एन म्हणजे निगेटिव्ह. गंमत म्हणजे, शेवटचा शब्द अर्थाने बरोबर पण नुसता मोठ्या अक्षरांत दाखवला, तेव्हा ही लाट आली नाही. त्याऐवजी धन लाट आली. म्हणजे एन-४०० नुसत्या दचकण्याची खूण नव्हती. तिचा संबंध अर्थाशी होता.

ही लाट असते जेमतेम काही मायक्रोव्होल्टची, आणि मेंदूचा इतर विद्युत गोंगाट तिच्या कितीतरी पट. एकाच वाक्यावरून ती दिसत नाही. तशी अनेक वाक्यं दाखवून, प्रत्येक वेळी शब्द दिसला तो क्षण शून्य धरून सगळे आलेख एकावर एक ठेवायचे आणि सरासरी काढायची. गोंगाट कधी वर, कधी खाली, म्हणून तो एकमेकांत मिटतो. लाट दर वेळी त्याच ठिकाणी येते, म्हणून ती उरते. (हा परिच्छेद डोक्यावरून गेला तरी हरकत नाही. मला तो गाळवेना.)

पुढे असं दिसलं की शब्द जितका अनपेक्षित, तितकी लाट मोठी. याचा अर्थ असा की मेंदू वाक्य संपायची वाट पाहत बसत नाही. पुढचं काय येणार याची तयारी तो करत असतो, आणि ती तयारी किती फसली याचा हिशेब त्या लाटेत दिसतो. विनोदकार नेमका हाच धंदा करतो. तो आपल्याला ‘मंत्रिमंडळा’च्या दारापर्यंत नेतो आणि आतून कपाट निघतं. सीआना कूल्सन आणि कुटास यांनी २००१ मध्ये विनोदांवर असेच प्रयोग केले. विनोद ज्यांना कळत होता त्यांच्या आलेखात एन-४०० नंतरही हालचाल होती: आधी लावलेला अर्थ मोडून वाक्य नव्याने जुळवण्याची. २००३ मधल्या एका एफएमआरआय (मेंदूचा कोणता भाग कामात आहे हे दाखवणारं स्कॅन) अभ्यासात मजेदार व्यंगचित्रं पाहताना मेंदूतली बक्षीस-यंत्रणा जागी झालेली दिसली. अंदाज, फजिती, दुरुस्ती, बक्षीस. हे सगळं एका शब्दाभोवती घडलं, तर तो शब्द नुसत्या वहीतल्या यादीपेक्षा घट्ट बसला तर नवल नाही.

एन-४०० चा आणखी एक प्रयोग सांगायचा मोह आवरत नाही. फ्रेंच शिकायला लागलेल्या इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांना खरे फ्रेंच शब्द आणि बनावट शब्द दाखवले. सरासरी १४ तासांच्या शिकवणीनंतर विचारलं, तर त्यांची उत्तरं निव्वळ अंदाजपंचे. लाट मात्र खरा शब्द आणि बनावट शब्द यांत फरक करत होती. मालकाला पत्ता नसताना मेंदूने खातं उघडलेलं होतं!

मग जाहिरात खरीच म्हणायची? तर थांबा. स्टीफन श्मिट यांनी १९९४ मध्ये विनोदी आणि साधी वाक्यं मिसळून दिली, तेव्हा विनोदी वाक्यं जास्त लक्षात राहिली. सगळीच वाक्यं विनोदी असली की हा फायदा नाहीसा झाला. सलग चार तास कॉमेडी लावून बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. दुसरी अडचण शब्दांची. मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द माहीत हवेत, असा पॉल नेशन आणि सहकाऱ्यांचा हिशेब आहे. बोलण्यातल्या इंग्रजीसाठी हा पल्ला गाठायला ६ ते ७ हजार शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुळ) लागतात. पन्नासात एक शब्द अडला तर कोडं सुटतं. दहा अडले तर विनोदही जातो आणि शब्दही.

ताज्या बातमीचा उपयोग इथे होतो. पात्रं, प्रसंग, भांडण सगळं आधीच माहीत असतं आणि तोच शब्द आठवडाभर ठिकठिकाणी भेटत राहतो. २०१९ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी संसदेची सत्रसमाप्ती करवली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. तोवर ‘प्रोरोग’ (सत्रसमाप्ती करणं) हा अडगळीतला शब्द रोजच्या बातम्यांत आला होता. त्याचा उच्चार मधोमध फोडला तर ‘प्रो’ (बाजूने) आणि इंग्रजी ‘रोग’ (लबाड) निघतात, म्हणजे ‘लबाडांच्या बाजूने’. व्युत्पत्ती म्हणून हे साफ चूक, पण आठवायला उत्तम.

मात्र विनोदकार शब्द वाकवतो, कधी कधी नवाच पाडतो. ‘ट्रुथिनेस’ हा शब्द अमेरिकी विनोदकार स्टीफन कोल्बेर यांनी २००५ मध्ये कार्यक्रमात वापरला तो चेष्टेने: पुरावा नसताना मनाला खरं वाटतं ते. तो आता शब्दकोशात आहे. पण सत्य या अर्थाने अर्जात लिहिलात, तर वाचणारा हसेल.

भाचीला एवढं सगळं लिहिलं आणि सुचवलं की आधी तीच बातमी साध्या भाषेत वाच, विनोद नंतर बघ, आणि अडलेल्या शब्दाचा अंदाज बांधल्यावर डिक्शनरी उघड. तिचं उत्तर आलं: ‘म्हणजे बातम्या वाचाव्या लागणार? हे जाहिरातीत नव्हतं.’